पहिले बाळ, पहिला कॅमेरा आणि ४०,००० रुपयांची मर्यादा

ओसरी (धागाकर्ती)

नमस्कार. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या घरी बाळ येणार आहे. मी आणि माझे यजमान दोघेही नोकरी करतो, डोंबिवलीत एका खोलीचे आणि छोट्या दिवाणखान्याचे घर आहे आणि पहिले दोन महिने सासूबाई आमच्याकडे राहायला येणार आहेत. बाळाचे फोटो चांगल्या कॅमेऱ्याने काढावेत, ही इच्छा आम्हा दोघांचीही आहे. माझ्या लहानपणीचे एकूण अकरा फोटो घरात आहेत आणि त्यांतल्या चारांमध्ये चेहरा नीट दिसत नाही. वडिलांनी ते कोणाचा तरी कॅमेरा मागून आणून काढले होते, त्यामुळे तक्रार मुळीच नाही; पण आपल्या मुलाला याहून थोडे अधिक द्यावे, असे मनापासून वाटते.

आम्ही ४०,००० रुपये बाजूला ठेवले आहेत. बाळंतपणाचा खर्च समोर असल्यामुळे ही मर्यादा ओलांडता येणार नाही. गेल्या आठवड्यात दुकानात गेलो, तेव्हा कॅनन १५००डी हा कॅमेरा, १८-५५ आणि ५५-२५० मिलिमीटर अशा दोन झूम लेन्स, बॅग आणि कार्ड असा संच दाखवण्यात आला. एवढ्या पैशांत दोन लेन्स मिळत असल्यामुळे यजमानांना तो पसंत पडला. मला मात्र एक शंका आहे. आमच्या घरात सकाळी साडेदहापर्यंत पूर्वेच्या खिडकीतून छान उजेड येतो, पण नंतर दिवसभर ट्यूबलाइट लावावी लागते. दुकानातल्या झगमगाटात काढलेला फोटो आमच्या घरात तसाच येईल का? दोघांनाही कॅमेऱ्यातले काही कळत नाही, शिकण्याची तयारी मात्र आहे. ज्यांनी आपल्या मुलांचे फोटो स्वतः काढले आहेत, त्यांच्याकडून ऐकायला आवडेल.

निवांत

अभिनंदन आणि शुभेच्छा. माझे मत कदाचित धाग्याच्या विरुद्ध जाईल, तरीही प्रामाणिकपणे सांगतो. आमच्या मुलीच्या पहिल्या वर्षात मी कॅमेऱ्याने सुमारे ३०० आणि फोनने काही हजार फोटो काढले. फोन खिशात असतो, कॅमेरा कपाटात. मूल पहिल्यांदा कुशीवर वळते, तेव्हा कपाट उघडायला वेळ नसतो. तुमच्याकडे बऱ्यापैकी फोन असेल, तर पहिले सहा महिने त्यावरच काढा आणि हे ४०,००० रुपये बाळाच्या नावे ठेवा. पुढे गरज वाटली, तर कॅमेरा केव्हाही घेता येईल.

कंदील

निवांत यांचे म्हणणे अर्ध्याहून अधिक खरे आहे आणि ज्यांचे घर दिवसभर उजेडात असते, त्यांना मीही तेच सांगेन. पण ओसरीताईंनी ट्यूबलाइटचा जो उल्लेख केला आहे, तिथेच सगळा प्रश्न आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. गेली सोळा वर्षे मी घरगुती समारंभांचे फोटो काढतो आणि त्यांत बारशांची संख्या सर्वांत मोठी आहे.

कमी उजेडात फोन एकामागून एक अनेक चित्रे टिपतो आणि त्यांची बेरीज करून एक स्वच्छ चित्र तयार करतो. झोपलेल्या बाळाच्या बाबतीत हे तंत्र फार सुंदर काम करते. बाळ हातपाय हलवू लागले, की त्या चित्रांतले हात एकमेकांवर बसत नाहीत आणि बोटांच्या जागी पुसट डाग उरतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर बाळ जागे असताना कधीच स्थिर नसते. तेव्हा एकाच झटक्यात पुरेसा उजेड आत घेणारी यंत्रणा लागते आणि ते काम मोठा सेन्सर (उजेड टिपून चित्र बनवणारा भाग) आणि मोठ्या तोंडाची लेन्स करतात.

आता आकड्यांनी पाहू. संध्याकाळी ट्यूबलाइट लावलेल्या दिवाणखान्यात साधारण १०० लक्स (उजेड मोजण्याचे एकक) उजेड असतो असे धरा. पाय झाडणाऱ्या बाळाचा फोटो स्पष्ट यायचा, तर शटर, म्हणजे सेन्सरवर उजेड येऊ देणारी झडप, सेकंदाचा अडीचशेवा भाग एवढीच उघडी राहायला हवी. संचातली १८-५५ लेन्स ५५ वर, म्हणजे सर्वांत जवळचे दाखवणाऱ्या टोकाला, नेली, की तिचे छिद्र एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे). या स्थितीत आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; ती वाढवली की फोटो दाणेदार होतो) जवळपास २०,००० ठेवावा लागेल. १५००डीमध्ये तो आकडा गाठताच येत नाही, कारण त्याची नेहमीची मर्यादा ६,४०० आहे आणि वाढवून १२,८०० होते. त्याच जागी एफ १.८ ची लेन्स लावली, तर आयएसओ २,००० पुरतो आणि त्या आयएसओवर गेल्या दहा वर्षांतला कोणताही मोठ्या सेन्सरचा कॅमेरा चांगला फोटो देतो. कारण एफ ५.६ च्या तुलनेत एफ १.८ मधून जवळजवळ दहापट उजेड आत येतो. हा दहापटीचा फरक कोणतीही महागडी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घेऊन भरून निघत नाही, आणि ५० मिलिमीटर एफ १.८ ही लेन्स मात्र कॅननच्या सगळ्यांत स्वस्त लेन्सपैकी एक आहे.

म्हणून माझा आग्रह असा, की दोन झूमचा संच घेऊ नये. ५५-२५० ही लेन्स मैदानावर, प्राणिसंग्रहालयात किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात उपयोगी पडते; म्हणजे तुमच्यासाठी चार-पाच वर्षांनी. आज तिचे पैसे देण्यात अर्थ नाही. बॉडी थोडी जुनी असली तरी चालेल; तिच्यावर एक तरी मोठ्या छिद्राची प्राइम लेन्स, म्हणजे झूम न होणारी लेन्स, असलीच पाहिजे. मेगापिक्सेलचा विचार मनातून काढून टाका. ४ बाय ६ इंचांचा फोटो उत्तम छापायला सव्वादोन मेगापिक्सेल लागतात आणि भिंतीवर लावण्याजोगा १२ बाय १८ इंचांचा छापायला साधारण साडेएकोणीस. आजचे बहुतेक कॅमेरे त्या पलीकडे आहेत.

आणखी एक गोष्ट, तिला काही खर्च नाही. बाळाची गादी खिडकीच्या समोर न ठेवता खिडकीला समांतर ठेवा आणि साडेदहाच्या आतले फोटो तिथे काढा. बाजूने येणाऱ्या मऊ उजेडात बाळाच्या गालावरची लव आणि मुठीच्या सुरकुत्या जशा दिसतात, तशा कोणत्याही दिव्याने दिसत नाहीत. उजेड प्रखर वाटला, तर पांढरी साडी किंवा धोतर पडद्यासारखे लावा.

ओसरी

कंदीलदादा, मनापासून आभार. दहापटीचे गणित यजमानांना वाचून दाखवले आणि त्यांनी त्या संचाचा विचार सोडला. एक शंका आहे. ५० मिलिमीटर एफ १.८ ही लेन्स स्वस्त आहे, हे आम्हीही वाचले. पण आमचा दिवाणखाना दहा फूट बाय बारा फूट आहे आणि त्यात सोफा, पाळणा आणि सासूबाईंचा पलंग असेल. एवढ्याशा जागेत ती लेन्स चालेल का?

कंदील

योग्य ठिकाणी बोट ठेवलेत. १५००डीसारख्या कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर ५० मिलिमीटरची लेन्स बरीच जवळचे दाखवते. सुमारे ६० सेंटिमीटर लांबीचे बाळ आडव्या चौकटीत काठोकाठ बसवायला तुम्हाला सव्वा ते दीड मीटरवर उभे राहावे लागेल, आणि ते तुमच्या खोलीत सहज शक्य आहे. बाळाला मांडीवर घेतलेली आई घ्यायची, म्हणजे चौकटीत साधारण १ मीटर रुंदी हवी, तर सव्वादोन मीटर. तेही भिंतीला टेकून जमेल. परंतु सोफ्यावर बसलेले चौघे, म्हणजे अडीच मीटर रुंदी, हवी असेल तर साडेपाच मीटर मागे जावे लागेल आणि तुमची भिंत तीन-साडेतीन मीटरवर संपते. हेच दृश्य २४ मिलिमीटरच्या लेन्समध्ये २.७ मीटरवरून मावते. निकॉनची ३५ मिलिमीटर एफ १.८ लेन्स या दोन्हींच्या मध्ये येते आणि एकच लेन्स घ्यायची असेल, तर छोट्या घरांसाठी ती मला फार आवडते.

५० मिलिमीटरविषयी आणखी एक सूचना. एफ १.८ वर, दीड मीटर अंतरावरून, स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ५ ते ६ सेंटिमीटर खोल असतो. बाळाचा जवळचा डोळा स्पष्ट आणि दूरचा कान पुसट दिसतो. ते सुंदर वाटते. पण आजी आणि बाळ असे दोन चेहरे हवे असतील, तर छिद्र एफ २.८ किंवा एफ ४ वर आणावे आणि दोन्ही चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर ठेवावेत.

सुईदोरा

मी दोन मुलांची आई आहे, छायाचित्रकार नाही. या चर्चेत वजनाबद्दल कोणी बोलले नाही, म्हणून लिहिते. बाळंतपणानंतर पहिले काही आठवडे मनगटे आणि पाठ फार दुखत असते, बाळाला उचलूनच ती दुखत असतात. माझ्याकडे तेव्हा मोठा, जड कॅमेरा होता आणि तो एका हाताने उचलणे मला शक्य होत नसे, कारण दुसऱ्या हातात बाळ असायचे. शेवटी सगळे फोटो यजमान घरी असतील तेव्हाचेच उरले, म्हणजे रविवारचे. दुपारी तीन वाजता मुलगा माझ्याकडे पाहून पहिल्यांदा हसला, तो फोटो आमच्याकडे नाही. म्हणून ताई, दुकानात गेलात की कॅमेरा लेन्ससकट एका हातात धरून पाहा आणि मगच ठरवा.

दुसरे म्हणजे, बाळ जमिनीवर असते. डोळ्याला लावून पाहण्याचा कॅमेरा घेतलात, तर प्रत्येक फोटोसाठी पोटावर झोपावे लागते आणि टाके असताना ते अशक्य आहे. पडदा बाहेर वळवता येणारा कॅमेरा घ्या. तो जमिनीजवळ धरून वरून पाहता येते. या एका सोयीसाठी मी बाकी बऱ्याच गोष्टी सोडून दिल्या असत्या.

तिसरे, गळ्यात अडकवायचा लांब पट्टा काढून टाका. बाळावर वाकले की तो त्याच्या तोंडावर लोंबतो आणि थोडे मोठे झाले की मूल तो धरून कॅमेरा खाली ओढते. मनगटात घालायचा छोटा पट्टा पुरतो.

रानवाटा

सुईदोराताईंच्या प्रतिसादामुळे निवड बरीच सोपी होते. वळणारा पडदा, कमी वजन, पडद्यावरून पाहतानाही चटकन फोकस आणि वर एक मोठ्या छिद्राची लेन्स, हे सगळे ४०,००० रुपयांत हवे असेल, तर नवीन वस्तू विसरून वापरलेला कॅमेरा घ्यावा लागेल. मी आजवर पाच बॉडी वापरलेल्याच घेतल्या आहेत, त्यामुळे काही नावे सुचवतो.

कॅनन १५००डी इथे बसत नाही. तो २०१८ चा आहे, चित्र चांगले देतो, पण त्याचा पडदा वळत नाही, स्पर्शाने चालत नाही आणि पडद्यावरून फोकस करताना तो इतका रेंगाळतो, की बाळाने मान फिरवलेली असते. निकॉन डी३५०० हलका आणि भरवशाचा आहे, त्यावर ३५ मिलिमीटर एफ १.८ उत्तम चालते, मात्र पडद्याबाबत त्याचीही तीच अडचण आहे. निकॉन घेणार असाल, तर एक चूक टाळा. त्या बॉडीत फोकसची मोटर नसते, म्हणून जुनी ५० मिलिमीटर एफ १.८ डी ही लेन्स स्वस्तात मिळाली तरी तिच्यावर ऑटोफोकस होणार नाही. लेन्सच्या नावात एएफ-एस किंवा एएफ-पी आहे ना, ते पाहून घ्या.

तुमच्या गरजेला दोन कॅमेरे नेमके बसतात. पहिला २०१९ चा कॅनन २००डी मार्क २. त्याचे वजन साडेचारशे ग्रॅमच्या आसपास आहे, पडदा सर्व बाजूंना वळतो आणि पडद्यावरून पाहताना तो चेहरा आणि डोळा शोधून त्यावर फोकस धरतो. दुसरा २०१८ चा कॅनन एम५०. तो आरसा नसलेला असल्यामुळे आणखी छोटा आणि हलका आहे आणि त्याच्यासाठीची २२ मिलिमीटर एफ २ ही लेन्स अवघी शंभर ग्रॅमच्या घरातली असून छोट्या खोलीसाठी अगदी योग्य आहे. मात्र त्या एम मालिकेचे उत्पादन कॅननने २०२३ मध्ये थांबवले आहे, तेव्हा पुढे नवीन लेन्स येणार नाहीत, हे मनाशी धरून घ्यावा. घरात एका लेन्सवर चार वर्षे काढायची असतील, तर मला त्यात काही वाईट दिसत नाही. सोनी ए६००० हा २०१४ चा कॅमेराही स्वस्त मिळतो आणि वेगवान आहे, पण त्याचा पडदा स्पर्शाने चालत नाही आणि त्याच्या चांगल्या लेन्स तुमच्या मर्यादेत बसवणे कठीण जाते.

डोंबिवलीहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत थेट लोकल आहे, तिथून फोर्टातल्या बोरा बाजारात चालत जाता येते आणि कॅमेऱ्यांची दुकाने तिथे एकमेकांना लागून आहेत. गर्दी असते, म्हणून ताई, तुम्ही घरी थांबा आणि यजमानांना पाठवा. जाताना आपले कार्ड आणि एक छोटी विजेरी बरोबर न्यावी. लेन्स काढून तिच्या एका टोकातून विजेरी दाखवावी आणि दुसऱ्या टोकातून तिरके पाहावे; कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी आहे आणि ती लेन्स कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. मग छिद्र एफ १६ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा आणि तो पडद्यावर मोठा करून पाहावा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. ती साफ होते, पण किंमत कमी करून मागायला ते कारण पुरेसे आहे. पडदा दहा-बारा वेळा उघडून मिटून पाहावा, कारण वळणाऱ्या पडद्याची तार सैल झाली असेल, तर तो मध्येच काळा पडतो. शटर किती वेळा उघडले, हा आकडा निकॉनच्या फोटोतल्या माहितीतच सापडतो. कॅननच्या बऱ्याच बॉडींत तो सहज मिळत नाही, तिथे बटणांभोवतीचा रंग आणि तळाचे ओरखडे पाहूनच अंदाज करावा लागतो. मूळ बिल मागावे आणि त्यावरचा क्रमांक बॉडीखालच्या क्रमांकाशी जुळवून पाहावा. बिल नाही म्हणणाऱ्याकडून मी कधीही घेत नाही.

गलबत

मी रत्नागिरीत राहतो, म्हणून बुरशीबद्दल कळकळीने लिहितो. माझी एक लेन्स पहिल्याच पावसाळ्यात गेली, कारण मी ती कापडी बॅगेत घालून कपाटात ठेवली होती. डोंबिवलीची हवाही खाडीच्या कडेची, त्यामुळे हीच काळजी तुम्हालाही घ्यावी लागेल. महागड्या ड्राय कॅबिनेटची (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या कपाटाची) गरज नाही. स्वयंपाकघरात वापरतात तसा, झाकणाला रबर असलेला घट्ट डबा घ्यावा, त्यात ओलावा शोषणारे सिलिका जेल ठेवावे आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मापक टाकावा. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला की पुरे. फार कोरडे करणेही लेन्सच्या वंगणासाठी चांगले नाही. कॅमेरा अधूनमधून बाहेर काढून वापरला, की बुरशीला स्वस्थता मिळत नाही; घरात बाळ असल्यावर तो रोजच बाहेर निघेल, हे तुमच्या पथ्यावर पडेल.

दोन गोष्टी मात्र आठवणीने करा, कारण घरात लहान मूल असणार आहे. निळ्या रंगाचे सिलिका जेल ओले झाल्यावर गुलाबी होते, पण त्यातला निळा रंग बहुधा कोबाल्टच्या क्षाराचा असतो आणि तो पोटात जाणे घातक आहे. रंगहीन किंवा नारिंगी प्रकार घ्यावा आणि तोही मुलाच्या हाती लागू देऊ नये. दुसरे, आर्द्रतामापकात आणि कॅमेऱ्याच्या छोट्या रिमोटमध्ये बटणासारखी सपाट बॅटरी असते. मुलाने ती गिळली, तर अन्ननलिकेला काही तासांत गंभीर इजा होते. डबा माळ्यावर किंवा कुलपात ठेवावा. रांगायला लागलेले मूल कुठपर्यंत पोहोचते, याचा अंदाज आपल्याला नेहमी उशिरा येतो.

ओसरी

सर्वांची खूप ऋणी आहे. गलबतदादा, बॅटरीचे हे माहीत नव्हते. आमच्या टीव्हीजवळच्या एका रिमोटमध्ये तशीच बॅटरी निघाली, तो आजच वर ठेवला. आणखी एक प्रश्न घरातून आला आहे. नवजात बाळाच्या डोळ्यांना फ्लॅशने इजा होते, असे सासूबाईंचे ठाम मत आहे. फ्लॅश वापरावा की नाही?

निरांजन

मी नेत्रतज्ज्ञ आहे, म्हणून एवढ्यापुरते लिहिते. कॅमेऱ्याच्या नेहमीच्या फ्लॅशने निरोगी बाळाच्या डोळ्यांना कायमची इजा होते, याला आधार नाही. तरीही अगदी जवळून, अंधारात, वारंवार फ्लॅश मारणे टाळावे, कारण बाळ दचकते आणि चिडचिडे होते. आजींचे मन राखण्यासाठी फ्लॅश न वापरणेच सोपे असेल, तर त्यात काही बिघडत नाही.

मात्र या निमित्ताने सर्व पालकांना एक सांगायचे आहे. फ्लॅशने काढलेल्या फोटोत बुबुळाच्या मधला भाग लाल दिसणे स्वाभाविक आहे. एका डोळ्यात तो लाल आणि दुसऱ्यात पांढरा किंवा पिवळसर चमकत असेल आणि असे एकाहून अधिक फोटोंत दिसत असेल, तर मुलाला विलंब न लावता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे. काही वेळा नुसत्या तिरक्या कोनामुळेही असे दिसते, पण मोतीबिंदू किंवा रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याचा कर्करोग यांचेही ते लक्षण असू शकते. हा कर्करोग बहुधा पाच वर्षांच्या आत दिसून येतो आणि लवकर कळला, तर उपचार चांगले होतात. अनेक मुलांच्या बाबतीत ही चमक आधी आईवडिलांना घरच्या फोटोतच दिसलेली असते.

कंदील

डॉक्टरांनी फार मोलाचे लिहिले. तंत्राच्या बाजूने एवढेच, की कॅमेऱ्यातला बसका फ्लॅश समोरून मारल्यावर चेहरा सपाट आणि पांढरा दिसतो. पुढे कधी वरून लावायचा, मान वळणारा फ्लॅश घेतलात, तर तो पांढऱ्या छताकडे वळवून वापरा. उजेड वरून पसरून खाली येतो. तूर्त त्याची गरज नाही.

ट्यूबलाइटबद्दल एक राहिले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूबलाइट आणि काही स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. शटर फार वेगवान ठेवले, तर एक फोटो उजळ आणि पुढचा काळपट किंवा पिवळट येतो. तसे दिसले, तर बाळ शांत असताना शटर सेकंदाच्या शंभराव्या किंवा पन्नासाव्या भागावर ठेवावे.

ओसरी

कळवायला उशीर झाला. गणपतीच्या आधीच्या शनिवारी यजमान आणि त्यांचे एक मित्र बोरा बाजारात जाऊन आले. पहिल्या दुकानातल्या लेन्समध्ये विजेरीने पाहिल्यावर खरोखरच पांढरे धागे दिसले आणि दुकानदाराने ती लगेच मागे ठेवली. तिसऱ्या दुकानात कॅनन २००डी मार्क २ बिलासह मिळाला. सोबत येणारी १८-५५ ही किट लेन्स नको म्हटल्यावर किंमत कमी झाली. त्यावर २४ मिलिमीटर एफ २.८ ही छोटी लेन्स वापरलेली आणि ५० मिलिमीटर एफ १.८ नवीन घेतली. कार्ड आणि डबा धरून एकूण ३८,७०० रुपये झाले. उरलेल्या पैशांत फोटो साठवायला हार्ड डिस्क बसली नाही, ती दिवाळीनंतर घेऊ.

रानवाटा

उत्तम झाले. हार्ड डिस्क येईपर्यंत आठवड्यातून एकदा सगळे फोटो लॅपटॉपवर उतरवा आणि कार्ड लगेच पुसू नका. गुगल फोटोजची विनामूल्य अमर्याद साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली आहे आणि मिळणारे १५ जीबी मेलसकट सगळ्यांत वाटले जातात, म्हणून तिथे फक्त निवडक ठेवा. रोजचे वीस फोटो काढलेत, तर त्याच रात्री पंधरा पुसा. वर्षाच्या शेवटी सात हजार फोटोंतून निवड करायला कोणालाही वेळ मिळत नाही. आणि महिन्याला पाच तरी छापून घ्या.

ओसरी

बाळ ११ ऑक्टोबरला आले, मुलगी आहे, आम्ही दोघी सुखरूप आहोत. आज संक्रांतीचे बोरन्हाण झाले, म्हणून पुन्हा लिहिते आहे. तिला काळे झबले आणि हलव्याचे दागिने घातले होते. संध्याकाळचे सहा वाजले होते, दिवाणखान्यात ट्यूबलाइट, आणि बोरे, चुरमुरे, रेवड्या वरून पडत होत्या. यजमानांनी २४ मिलिमीटरची लेन्स लावून पडदा वळवला आणि ते सोफ्याशेजारी जमिनीवर बसले. शटर आधी पाचशेव्या भागावर ठेवले, तेव्हा फोटो फारच दाणेदार आले. मग अडीचशेव्या भागावर आणून आयएसओ ६,४०० केला. त्यातल्या एका फोटोत एक बोर तिच्या कपाळापासून वीतभर वर हवेत आहे, आणि तिचे दोन्ही डोळे त्याच्याकडे लागलेले आहेत. थोडे दाणे दिसतात, पण आम्हाला दोघांना तो फार आवडला आहे.

५० मिलिमीटरची लेन्स सकाळी खिडकीपाशी मीच वापरते. सुईदोराताई, एका हाताने उचलता येतो.

आता एक वेगळी अडचण जाणवते. तीन महिन्यांचे फोटो काल एकत्र पाहिले. सासूबाई आहेत, यजमान आहेत, शेजारच्या काकूही आहेत; मी मात्र मोजून नऊ फोटोंत आहे आणि त्यांतल्या पाचांत पाठमोरी. दुपारी आम्ही दोघीच घरी असतो, तेव्हा काय करावे?

सुईदोरा

माझ्या मोठ्याच्या पहिल्या वर्षात मीही अशीच गायब आहे, ते आता भरून काढता येत नाही, म्हणून तुम्ही उद्यापासूनच करा. कॅमेरा स्टुलावर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवा, २४ मिलिमीटरची लेन्स लावा आणि पडदा पूर्ण पुढे वळवा, म्हणजे तुम्हाला स्वतःला दिसेल. कॅननचे अॅप फोनवर घेतले, की वायफायवरून फोनच रिमोटसारखा वापरता येतो. फोन मांडीआड ठेवा, लेकीकडे पाहत राहा आणि दर थोड्या वेळाने बटण दाबा. केस विंचरण्याची, साडी बदलण्याची वाट पाहू नका.

ओसरी

आज दुपारी करून पाहिले. तेरा फोटो काढले, सात ठेवले. एकात ती माझे नाक धरून आहे. तो छापायला दिला आहे.